गिनिपिग आत घेतले, दादा

दादा, गेल्या महिन्यात तुमच्या या लेकीनं घरात दोन जनावरं घेतली, आणि तीही थेट स्वयंपाकघरात. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणाला असतात, "हे घर हाय का गोठा?" तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं राहून गेलेलं इतक्या वर्षांत पुष्कळ साठलं आहे, पण त्यातलं बरंचसं नाही सांगितलं तरी काही बिघडणार नाही. एक गोष्ट मात्र तशी नाही. माझं ते करडू कशानं मेलं याबद्दल तुम्ही मरेपर्यंत जे समजत होतात, ते खरं नव्हतं. खरं काय ते फक्त आईला आणि मला माहीत होतं. आईही गेली. आता ते जाणणारी मी एकटीच उरले आहे, आणि या दोन जनावरांनी मला असं काही कोंडीत पकडलं की लिहिल्यावाचून चैन पडेना.

आधी जनावरं कोणती ते सांगते, नाहीतर तुम्ही शेळी किंवा वासरू समजाल. यांना गिनिपिग म्हणतात. तुमच्या दवाखान्याच्या दारात एवढी ढोरं येऊन गेली, पण हे कधी आले नसतील. उंदरापेक्षा मोठे, सशापेक्षा लहान, शेपटीचा पत्ता नाही, आणि पाय इतके आखूड की चालताना पोट फरशीला घासतं. एक तपकिरी आहे आणि एक पांढरी, दोघी बहिणी. तुमच्या नातीच्या आहेत. तुम्ही गेलात तेव्हा ती नुकती पाऊल टाकायला लागली होती. आता पुण्यात नोकरी करते आणि मोबाइल कसा वापरायचा ते मला रागावून शिकवते. तिच्या घरमालकाला म्हणे या दोघींचा वास यायला लागला. दिवाळीला देवगाव फाट्यावर ती बसमधून उतरली ती खांद्याला बॅग लटकवून आणि भोकं पाडलेलं एक खोकं छातीशी धरून. मला वाटलं, पोरीनं मिठाई आणली. खोक्यातून शिट्टीसारखा आवाज आला तेव्हा कळलं. "आई, दुसरी खोली मिळेपर्यंत फक्त. फार तर संक्रांतीपर्यंत," ती म्हणाली. सुट्टी संपवून जाताना दोघींचे मुके घेऊन रडली. माझा मुका घेतला नाही, पण "तुझ्या भरवशावर ठेवतेय" एवढं मात्र दोनदा सांगून गेली.

माझ्या सासूबाई तुम्हाला आठवत असतील. आता ऐंशीच्या पुढे गेल्या, कंबर वाकली, पण जीभ होती तिथेच आहे. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बया, ह्या तर घुशी हायत! आमी जलमभर घुशीला पिंजरे लावलो मारायला, अन् तुमी लावा पाळायला." तुमच्या जावयांनी वेल्डिंगच्या दुकानातून जाळीचा मोठा पिंजरा करून आणला आणि तो ओसरीवर ठेवला. पहिल्या आठवड्यातच दोघींनी घर ओळखलं. पिशवी वाजली की भाजी आली हे त्यांना कळतं, आणि दोघी मिळून असा कालवा करतात की शेजारचे विचारतात, कुकर लावलाय का. सासूबाई मेथी निवडायला मुद्दाम ओसरीवर बसायला लागल्या. काड्या पिंजऱ्याकडे टाकायच्या आणि कुणी बघितलं की म्हणायचं, "पडली हातातून." इतक्या काड्या एका दिशेला पडताना मी कधी पाहिल्या नव्हत्या.

आपल्याकडची थंडी तुम्हाला काय सांगायची. तुमचे जावई सकाळी पेपर उघडून आधी परभणीचा आकडा बघतात, आणि तो राज्यात सगळ्यात खाली असला की असे खूश होतात, जणू यांनीच तो शेतात पिकवला. डिसेंबरच्या मध्यात एकदम गारठा उतरला. माझ्या शाळेत पोरं प्रार्थनेला कानाला रुमाल बांधून उभी राहायला लागली. एका सकाळी बघते तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दोघी एकमेकींच्या पोटात तोंड खुपसून बसलेल्या, मेथीची पिशवी वाजवली तरी हलेनात. मी लगेच पुण्याला फोन लावला. तुमची नात म्हणाली, "आई, त्यांना आत घे. आणि एक लक्षात ठेव, एकदा आत घेतलं की आतच. दुपारी ऊन पडलं म्हणून बाहेर, मग परत आत, असं करू नकोस. उबेची सवय झाली आणि एकदम गारठ्यात गेल्या, तर छाती भरते त्यांची." मी बरं म्हणाले. तिनं फोन ठेवल्यावरही मी तो कानाशी धरून उभी होते. हेच वाक्य मी पूर्वी एकदा तुमच्या तोंडून ऐकलं होतं. त्याकडे येते मी.

आत घ्यायचं ठरलं, पण आत म्हणजे कुठे? आमच्या घरात ऊब दोनच ठिकाणी. एक स्वयंपाकघर, जिथे सासूबाई हिवाळ्यात भाकरीसाठी अजून चूल पेटवतात. पण तिथेच त्यांचा देव्हारा आहे, आणि अंघोळ न करता त्या खोलीत सून गेलेली त्यांना चालत नाही, तिथे घुशींचं काय घेऊन बसलात. दुसरी जागा कापसाची खोली. वेचणी झालेला कापूस विकायचा होईपर्यंत आमच्याकडे मधल्या खोलीत खिडकीपर्यंत भरून ठेवतात, आणि बाहेर कितीही हिव पडलं तरी त्या खोलीत दार लावून बसलं की घाम येतो. मी कुणाला न विचारता पिंजरा तिथे नेला. कापूस घरात महिना-दीड महिना राहिला की त्यानं अंगाला खाज सुटते, हे आपल्या भागातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. मलाही होतं. पण मी आपली मनाची समजूत घातली, की खाज आपल्यासारख्या उघड्या कातडीला. यांच्या अंगावर एवढा केसांचा कोट. तिसऱ्या दिवशी तपकिरीनं कानामागे खाजवून खाजवून टक्कल पाडलं. पांढरी पाठ वर काढून कोपऱ्यात बसली आणि तिनं खाणं सोडलं.

खरं सांगू? ती खोली मी ऊब बघून निवडली हे अर्धंच खरं. लपवायचं काही असलं की माझे पाय कापसाकडे वळतात. अकरा वर्षांची होते तेव्हापासूनची सवय आहे ती.

तो हिवाळा तुम्हाला आठवतो हे मला माहीत आहे, कारण नंतर तुम्ही तो ज्याला त्याला सांगितलात. आपल्या शेळीला तीन करडं झाली. दोन धडधाकट, तिसरं नुसतं कातडं आणि डोळे. शेळी त्याला जवळ येऊ देईना. मी त्याला बोळ्यानं दूध पाजायची, आणि शाळेतून आले की दप्तर ओसरीवर फेकून आधी त्याच्याकडे धावायची. थंडी वाढली तशी मी तुमच्याकडे रदबदली केली, की रात्रीपुरतं त्याला आत घेऊ द्या. तुम्ही जेवत होतात. भाकरीचा तुकडा हातातच ठेवून तुम्ही म्हणालात, "हे घर हाय का गोठा? दिवसभर मी त्याच्यातच असतो. ढोरांचे रोग माणसाला कसे लागतेत ते तुला काय ठावं? जनावर उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. पुन्हा विचारू नको." मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही लशींची पेटी घेऊन चारठाण्याकडच्या खेड्यांत लसीकरणाला गेलात, शुक्रवारी येतो म्हणून.

तुमची बस वळणावर दिसेनाशी होते आणि मी करडू उचलून आत आणते. आई चुलीपुढून बघते आणि म्हणते, "तुझ्या दादाला कळू देऊ नको बाई, मला बोलणी बसतील." आपल्या तीन एकरांचा कापूस तेव्हा नुकताच घरात आला होता, ताजा, खाजेचं नाव नसलेला. मी त्या ढिगात खळगा करते आणि करडू त्यात ठेवते. पहिल्या दिवशी ते नुसतं झोपतं. दुसऱ्या दिवशी दूध मागायला ओरडतं. तिसऱ्या दिवशी ढिगावर चढतं, वरून घसरतं, पुन्हा चढतं, आणि त्याच्या काळ्या अंगाला चिकटलेला कापूस बघून आई, माझी आई, जिला मोठ्यानं हसलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं, ती तोंडाला पदर लावून हसते. तो गुरुवार होता. दिवस मावळायला आला आणि फाटकापाशी तुमचा खोकला ऐकू आला.

मी काही विचार केला नाही, दादा. करडू उचललं, मागच्या दारानं पळत गेले, गोठ्यात शेळीपाशी उघड्या भुईवर त्याला ठेवलं आणि परत आत आले. त्याच्याखाली एखादं पोतं टाकायचंही सुचलं नाही. हातात ते भाजलेल्या भाकरीसारखं गरम लागत होतं आणि बाहेर माझेच दात वाजत होते. तुम्ही पाय धुतलेत, चहा घेतलात, कुठल्याशा गावात म्हशीनं तुम्हाला कसं पळवलं ते रंगवून सांगितलंत. मग विचारलंत, "करडू कसं हाय?" मी म्हणाले, बरं आहे. "उद्या बघतो त्याला," तुम्ही म्हणालात. सकाळी ते ताठ झालेलं होतं. तुम्ही तुमचा तो खाकी स्वेटर घालून त्याच्यापाशी उकिडवे बसलात, त्याच्या छातीला हात लावलात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझ्या हट्टापायी गेलं. आत घेऊ दिलो असतो तर जगलं असतं." आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बोलायची वेळ तीच होती. मी रडायला लागले, तुम्ही मला जवळ ओढलंत, आणि तुमच्या स्वेटरमध्ये तोंड लपल्यावर बोलायची गरज उरली नाही.

तेव्हा मला वाटत होतं की करडू अशक्तच होतं, ते जाणारच होतं. पंधरा दिवसांनी तुमचा डबा घेऊन मी दवाखान्यात आले. एक माणूस वासरू घेऊन आला होता, वासराच्या नाकातून पाणी गळत होतं. तुम्ही त्याला काय काय विचारलंत आणि मग एकदम आवाज चढवलात. "चुलीपाशी ठिवलास दोन दिवस, अन् काल एकदम उघड्यावर बांधलास? उबेतलं जनावर असं गारठ्यात घातल्यावर छाती भरंल न्हाई तर काय व्हईल? आत घेत न्हाईस तर घेऊ नको. घेतलास तर मग बाहेर काढू नको!" तो माणूस खाली बघत होता. मी डब्याची कडी धरून त्याच्या मागे उभी होते आणि खाली बघत होते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ठिव तिथं टेबलावर, बेटा," आणि आवाज एकदम मऊ केलात. तो मऊ आवाज करडू गेल्यापासूनच सुरू झाला होता. त्या दिवशी मला सगळं समजलं, आणि समजल्यावरही मी डबा ठेवून घरी गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुम्ही जिंतूरच्या बाजारातून एक पाठ, अजून न व्यालेली कोवळी शेळी, खांद्यावर घालून आणलीत, एक कान पांढरा असलेली. अंगणात थांबला नाहीत. उंबरा ओलांडून सरळ आत आलात आणि ती माझ्या मांडीवर ठेवलीत. आई बघतच राहिली. मग तुम्ही तुमचा खाकी स्वेटर कापलात, त्याला चार पाय जातील अशी भोकं केलीत आणि जनावरांच्या जखमा शिवायच्या वाकड्या सुईनं तिच्यासाठी झूल शिवलीत. उरलेला हिवाळा तुम्ही सदऱ्यावर सदरा घालून काढलात. ती पाठ आपल्या घरात वाढली, तिची पिल्लं वाढली, पुढे मांजर आलं, पाय मोडलेला बगळा आला, आणि तुमच्या तोंडून "गोठा" हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. माझं बालपण फार सुखाचं गेलं, दादा. लोकांपुढे मी ते नेहमी सांगते. ते सुख कशाच्या जिवावर आलं होतं ते सांगत नाही.

आता मागच्या महिन्यातल्या त्या रविवारकडे येते. संध्याकाळ झाली होती, पांढरीनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. या जनावरांचं खाणं एक दिवस थांबलं तरी जिवावर बेततं, असं तुमच्या नातीनं बजावून ठेवलेलं. कापसाच्या खोलीत ठेवून चालणार नव्हतं. तुमचे जावई म्हणाले, "ओसरीवर ठेव रात्रभर, मोकळी हवा लागेल. उद्या बघू." त्यांचं बोलणं मला पटलं, कारण त्यात मला कुणाशी भांडावं लागणार नव्हतं. मी पिंजरा उचलला, तिथून निघाले आणि ओसरीच्या दाराची कडी काढली. बाहेरचा गारठा तोंडावर आला. हाताला पिंजऱ्याचा तळ गरम लागत होता, आणि मला पाऊल पुढे टाकता येईना. मागे जायचं तर कुठे जायचं तेही कळेना. चौपन्न वर्षांची बाई, तीस वर्षं पोरांना शिकवलेली, दारात घुशींचा पिंजरा धरून रडायला लागले.

"काय करायलीस गं तिथं उभी राहून?" सासूबाई आतून ओरडल्या. "दार लाव की, समदा गारठा आत यायलाय."

मी दार लावलं. "आत्याबाई, ही खाईना झालीय," मी म्हणाले. "बाहेर ठेवली तर मरेल. कापसात ठेवून मीच हिची ही गत केली. कुठे ठेवू सांगा."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. देव्हाऱ्याकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता माझी चांगलीच हजेरी घेतात. त्या म्हणाल्या, "तुझे दादा बैठकीत काय म्हणले होते ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या बैठकीत मुलीला कोण बसवतं? मी आत चहाचे कप भरत होते.

"समदे मानपानाचं बोलायले होते," त्या म्हणाल्या. "अन् तुझे दादा एकदम म्हणले, माझी एकच अट हाय. पोरगी उद्या एखादं जनावर घरात आणली तर तिला अडवू नका. मी एकदा अडवलो, अन् लेकीचं पिल्लू माझ्या हट्टापायी मेलं. असं म्हणले अन् उपरणं लावले की डोळ्याला! पावण्यांच्या बैठकीत बापमाणूस शेळीच्या पिल्लापायी रडायलाय. तुझा सासरा हसला व्हता तवा. मी न्हाई हसले. मी आतूनच म्हणले, दिला शब्द." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तू इतक्या वर्सात कधी काही आणलीच न्हाईस. आणली असतीस तर मी कशाला अडवले असते? आण हिकडं. चुलीच्या कडंला ठिव, लय जवळ नको. देवाचं मी बघते."

पिंजरा मी चुलीपासून दोन हातांवर ठेवला. सासूबाईंनी पेरूची एक फोड चाकूच्या टोकावर धरून पांढरीच्या तोंडाशी नेली. तिनं मान फिरवली. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा नेली, पुन्हा तेच. मी झोपायला गेले तेव्हा डोळ्याला डोळा लागणार नाही असं वाटलं होतं, पण लागला. सकाळी चुलीत नुकता जाळ झाला होता. मी कोथिंबिरीची जुडी सोडत होते, आणि पांढरीनं जाळीतून एक काडी ओढली. ती हिरवी काडी थोडी थोडी करत आत जाताना बघत मी एवढा वेळ उभी राहिले की शाळेला उशीर झाला. मुख्याध्यापकांना सांगितलं, घरी आजारपण होतं.

आता जानेवारी संपत आला आहे. तपकिरीच्या कानामागे केस उगवले. संक्रांत होऊन गेली, तुमच्या नातीला खोली अजून मिळालेली नाही, आणि मीही तिला फारसं विचारत नाही. सकाळी सासूबाई पूजेला बसतात तेव्हा घंटी वाजली की या दोघी ओरडायला लागतात. त्या घंटी खाली ठेवून म्हणतात, "थांबा की गं जरा, देवाचं होऊ द्या," आणि मग नैवेद्याच्या पेरूतली फोड दोघींना निम्मी निम्मी देतात. परवा पांढरी पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात हवेत उड्या मारत होती, अगदी चारही पाय वर. "बघ बघ, कशी उड्या मारायलीय," म्हणत सासूबाईंनी हाका मारून तुमच्या जावयांना पेपरातून उठवलं. घरात एवढं हसू फार दिवसांनी झालं. असं वाटलं की तुम्ही बघायला हवे होतात.

आणि त्याच वेळी तुमचा रागही आला. कशाला सांगत फिरलात तुम्ही? दवाखान्यातल्या तुमच्या वरच्या डॉक्टरांना सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, माझ्या सासरच्यांना सांगितलंत. प्रत्येक वेळी दोष आपल्याकडे घेतलात आणि मी कधी तुमच्या शेजारी उभी होते, कधी आत चहा गाळत होते. तुमच्या एका चुकीच्या समजुतीवर मला आधी ती पाठ मिळाली, आणि आता तुम्ही नसतानाही सासूबाईंची चूल मिळाली. त्या संध्याकाळी मी त्यांना खरं सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण पिंजरा अजून माझ्या हातात होता आणि मला तो आत न्यायचा होता. मी तुमची अट कामाला लावली. पुढे कधी सांगेन का? सासूबाई माझ्यावर रागावणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्या तुम्हाला चांगला माणूस म्हणतात, आणि सांगितल्यावर अजूनच म्हणतील. बहुतेक सांगेन, या दोघी पुण्याला परत गेल्या की.

हा कागद मी घडी करून कपाटात ठेवणार आहे. पाठवायचा कुठे, हा प्रश्न तर आहेच. पण एक राहिलं. परभणीच्या इस्पितळात तुमच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, "बेटा, ते करडू. मी आत घेऊ दिलो असतो तर जगलं असतं ना गं?" मी म्हणाले, "ते काय घेऊन बसलात दादा आता? मोसंबी सोलू का?" तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात आणि पुन्हा विचारलं नाहीत. तर त्याचं उत्तर असं आहे. करडू आत होतं, दादा. तीन दिवस होतं, आणि मजेत होतं. तुम्ही येताय म्हणून मीच त्याला बाहेर ठेवलं. अकरा वर्षांची होते, तुम्हाला भीत होते, म्हणून तेव्हा बोलले नाही, हे तुम्हीही समजून घ्याल. पण मोसंबी सोलताना मी तुम्हाला भीत नव्हते. ज्या लेकीचं तुम्ही देणं लागता ती लेक असणं मला इतकं आवडत होतं, की तुम्ही जायला निघालात तरी मला ते सोडवलं नाही.